उपाशी पेशंट आणि सकाळचं इन्सुलिन : एका वॉर्डातलं प्रकरण

पेशंटची ओळख पटू नये म्हणून वय, बेड नंबर, आजाराचे काही तपशील बदललेत, घटनांचा क्रम आणि आम्ही जे निर्णय घेतले ते मात्र जसेच्या तसे ठेवलेत, चुकलेले निर्णय पण. मी तेव्हा हॉस्पिटलच्या क्वालिटी सेलमध्ये होते आणि त्याच्या आधी बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून ड्यूटी केलेली, त्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा फाईल वाचतानाच पोटात गोळा आला, कारण हे माझ्या हातून पण सहज झालं असतं.

पार्श्वभूमी

साठीच्या पुढच्या एक आजी. डायबेटिस पंधरा-सोळा वर्षांपासून, घरी दोन वेळा जेवणाआधी मिक्स इन्सुलिन घ्यायच्या, म्हणजे ३०/७० वालं. बीपीसाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू, क्रिएटिनिन थोडं वाढलेलं, म्हणजे किडनी थोडी कमी काम करत होती. पायाला जखम होऊन ती चिघळली म्हणून ॲडमिट झाल्या. इन्फेक्शनमुळे शुगर वर गेलेली, त्यामुळे तीन दिवसांत सकाळचा डोस १८ युनिटवरून २४ पर्यंत नेलेला. चौथ्या दिवशी ओटीमध्ये, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नेऊन जखम साफ करायची असं ठरलं, लिस्टवर दुसरा नंबर.

वॉर्ड २८ बेडचा, रात्री दोन सिस्टर. शुगर मशीन पूर्ण वॉर्डाला एक. केस पेपर बेडच्या पायथ्याशी आणि ड्रग चार्ट मात्र औषधांच्या ट्रॉलीवरच्या वेगळ्या फाईलमध्ये, कारण औषधं काढताना चार्ट हाताशी लागतो. ही व्यवस्था कित्येक वर्षांची, कुणाला खटकली नव्हती, मलाही नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळच्या राऊंडला सर्जननी केस पेपरवर लिहिलं, उद्या ओटी, रात्री १२ पासून एनबीएम, म्हणजे तोंडावाटे काही द्यायचं नाही. सकाळच्या इन्सुलिनचं काय करायचं हे रेसिडेंट ड्रग चार्टवर लिहिणार होता, पण तेवढ्यात कॅज्युअल्टीतून फोन आला आणि तो पळाला. परत आला तेव्हा दुसरेच चार पेशंट वाट बघत होते. चार्टवर "सकाळी नाश्त्याआधी इन्सुलिन २४ युनिट" तसंच राहिलं.

त्या दिवशी काय झालं

रात्री दहाला नाईटच्या सिस्टरनी आजींना स्वतः सांगितलं की बारानंतर पाणीसुद्धा घ्यायचं नाही. हे मुद्दाम लिहितेय, पुढे याचा संबंध आहे. सकाळी सहाला शुगर बघितली, १४२. पावणेसातला त्याच सिस्टरनी चार्टप्रमाणे २४ युनिट इन्सुलिन दिलं. सुई टोचायच्या आधी आजींनी विचारलं, "सिस्टर, मी तर आज उपाशी आहे ना, तरी घ्यायची का?" सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टरांनी लिहिलंय आजी, घ्यावी लागते." आजींनी पोट पुढे केलं.

आठ वाजता शिफ्ट बदलली आणि ओव्हर दिला गेला, म्हणजे जाणाऱ्या सिस्टरनी येणाऱ्यांना प्रत्येक पेशंटची माहिती सांगितली. त्यातलं वाक्य असं होतं, "अकरा नंबर, एनबीएम, आज ओटी, शुगर १४२, इन्सुलिन दिलंय." एनबीएम आणि इन्सुलिन एकाच वाक्यात, समोर तीन जणी ऐकतायत, कुणाच्याच कानाला खटकलं नाही. मला हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो.

पावणेआठच्या सुमाराला एक इमर्जन्सी केस आलेली, त्यामुळे ओटीची लिस्ट पुढे ढकलली गेली. नऊचे दहा, दहाचे अकरा. वॉर्डात फक्त "अजून बोलावलं नाही" एवढंच कळत होतं.

साडेदहाला आजींच्या मुलीला वाटलं की आईचं बोलणं तुटक होतंय आणि मान घामाने ओली झालीय. तिने वॉर्डात मदतीला असणाऱ्या मावशींना सांगितलं, मावशी म्हणाल्या ऑपरेशनच्या आधी भीतीने होतं असं, तरी त्यांनी सिस्टरना निरोप दिला. सिस्टर दुसऱ्या पेशंटच्या ड्रेसिंगमध्ये. मग त्या आल्या, आजींना हाक मारली, त्या बघतायत पण उत्तर नीट देत नाहीत, मशीन शोधायला गेल्या तर ते वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होतं. शुगर बघेपर्यंत अकरा वाजून पाच मिनिटं झाली. ३४.

सुदैवाने हाताला सलाईनची लाईन आधीच लावलेली होती. तोंडाने काही द्यायचा प्रश्नच नव्हता कारण शुद्ध अर्धवट. २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली दिलं, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी शुगर ९६, आजी डोळे उघडून मुलीला ओळखून बोलायला लागल्या. सगळ्यांनी श्वास सोडला आणि इथेच परत एक चूक होणार होती. मिक्स इन्सुलिनचा ७० टक्के भाग हळूहळू काम करणारा असतो, कित्येक तास चालतो आणि किडनी थोडी कमी काम करत असेल तर इन्सुलिन शरीरात अजून रेंगाळतं. एकदा ९६ आली म्हणजे संपलं असं नसतं. फिजिशियननी फोनवर विचारलं की कुठलं इन्सुलिन होतं आणि ते कळल्यावर लगेच १० टक्के डेक्स्ट्रोजचं सलाईन चालू ठेवायला आणि दर तासाला शुगर बघायला सांगितलं. तरीसुद्धा अडीच वाजता ६१ आली, सलाईनचा वेग वाढवावा लागला. तो फोन झाला नसता तर आजी दुपारी परत खाली गेल्या असत्या, आणि तेव्हा बहुतेक कुणी बघत नसतं.

ओटी रद्द झाली, दोन दिवसांनी झाली, आजी नंतर व्यवस्थित घरी गेल्या. कायमचं नुकसान झालं नाही. पण ३४ शुगर आणि अर्धवट शुद्ध ही गोष्ट "थोडं कमी झालं होतं" या सदरात बसत नाही. ७० च्या खाली म्हणजे हायपो, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर मानून ताबडतोब हालचाल करायची, आणि दुसऱ्याच्या मदतीशिवाय पेशंट सावरू शकत नसेल तर आकडा काहीही असो ती सगळ्यात वरची पायरी. आजी त्या पायरीवर होत्या.

सुरुवातीला आम्हाला काय वाटलं

पहिला संशय सिरिंजवर. इन्सुलिन ४० आणि १०० अशा दोन ताकदींमध्ये येतं आणि १०० वालं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये खुणेप्रमाणे भरलं तर डोस अडीचपट जातो. दुसरा संशय हस्ताक्षरावर, कारण युनिट शब्दाऐवजी नुसतं इंग्रजी यू अक्षर लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि दहाचे शंभर होतात. दोन्ही तपासलं. वॉर्डात एकाच ताकदीच्या वायल, त्याच्याच सिरिंज. चार्टवर "युनिट" पूर्ण लिहिलेलं, आकडा स्वच्छ. म्हणजे सिस्टरनी बरोबर पेशंटला, बरोबर औषध, बरोबर डोस, बरोबर मार्गाने, चार्टवर लिहिलेल्या वेळेला दिलं होतं. औषध देण्याचे जे नियम आम्ही शिकवतो ते सगळे पाळले गेले होते आणि तरीही पेशंट बेशुद्धीच्या दारात पोचली.

मग दुपारपर्यंत वॉर्डात एकच वाक्य फिरायला लागलं, "पण एनबीएम आहे हे तिला माहीत होतं ना?" आणि मेमोचा ड्राफ्ट तयार व्हायला लागला.

पहिला निर्णय : मेमो द्यायचा की नाही

खरं सांगायचं तर मेमोच्या बाजूने बोलणारी माणसं वाईट नव्हती. त्यांचं म्हणणं असं की पेशंटने स्वतः विचारलं होतं, यापेक्षा मोठा इशारा काय हवा, मग आता काहीच केलं नाही तर बाकीच्यांना काय संदेश जातो. मी एवढीच विनंती केली की दोन दिवस थांबा, आधी त्या सिस्टरना बोलू द्या.

त्या आल्या तेव्हा दोन रात्री झोपलेल्या नव्हत्या. नोकरी सोडायचं मनात होतं. अशा घटनेत पेशंटनंतर ज्याच्या हातून ते घडलं तो माणूसही मोडतो, अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० साली त्यासाठी "दुसरा बळी" असा शब्द वापरला होता. तो शब्द सगळ्यांना पटत नाही, खास करून ज्यांच्या घरचा माणूस गेलाय त्यांना, आणि ते मी समजू शकते, पण समोर बसलेल्या त्या मुलीकडे बघून मला तरी दुसरा शब्द सुचला नाही.

मी विचारलं, पावणेसातला का दिलं, नाश्ता तर साडेआठला येतो? त्या म्हणाल्या, "मॅडम, आठला ओव्हर असतो, सकाळच्या ताईंना ओव्हर, राऊंड, ओटीचे पेशंट, सगळं एकदम येतं, त्यांच्यावर नऊ इन्सुलिन टाकून जायचं बरं दिसत नाही, म्हणून नाईटवालेच देऊन टाकतात. मी जॉइन झाले तेव्हापासून असंच आहे." मग विचारलं एनबीएम आठवलं नाही का. "सुई भरताना मी ट्रॉलीजवळ होते, समोर फक्त चार्ट होता. बेडजवळ गेले तेव्हा भरलेली सिरिंज हातात होती. आजींनी विचारलं तेव्हा मला वाटलं त्या सुईला घाबरतायत."

माझ्या दृष्टीने पूर्ण तपास या दोन उत्तरांत होता. माहिती तिच्याकडे होती, फक्त हाताने काम करायच्या क्षणी ती समोर नव्हती. आणि इन्सुलिन नाश्त्याच्या पावणेदोन तास आधी देण्याची पद्धत ही काही तिची चूक नव्हती, पूर्ण वॉर्डाची सवय होती, जे पेशंट एनबीएम नव्हते त्यांच्यासाठी पण ती धोक्याचीच होती. मागचे चार्ट काढून बघितले तर सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमाराला "घाम, थरथर, साखरपाणी दिलं" अशा नोंदी मिळाल्या, कधीच इन्सिडेंट म्हणून रिपोर्ट न झालेल्या.

मेमो रद्द झाला. त्याऐवजी त्या सिस्टरना तपासाच्या टीममध्ये घेतलं. सुरुवातीला मी त्यांना वगळणार होते, उगाच त्रास नको म्हणून, पण त्यांनीच विचारलं की मी येऊ का. त्या आल्या नसत्या तर आम्ही कागदावर सुंदर आणि वॉर्डात निरुपयोगी असं काहीतरी बनवलं असतं.

घरच्यांना सांगणं

यात आम्ही चुकलो. त्या दिवशी संध्याकाळी मुलीला सांगितलं गेलं की "शुगर थोडी कमी झाली होती, आता नॉर्मल आहे." यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. पण मुलगी सकाळपासून तिथेच बसलेली, आईने सुईबद्दल विचारलेलं तिने ऐकलेलं, तिला दोन अधिक दोन करायला किती वेळ लागणार. दुसऱ्या दिवशी ती आली ती रडतच, आणि तिचा राग इन्सुलिनवर नव्हता, "तुम्ही मला मूर्ख समजलात" यावर होता.

मग दुसरी बैठक. सर्जन, इनचार्ज सिस्टर आणि मी. सर्जननी सरळ सांगितलं की उपाशी असताना द्यायला नको होतं ते इन्सुलिन दिलं गेलं, थांबवायचं लिहायला हवं होतं ते आमच्याकडून लिहिलं गेलं नाही, तुमच्या आईने विचारलं तेव्हा थांबायला हवं होतं, आणि तुम्ही साडेदहाला सांगितल्यावर तपासायला आम्ही अर्धा तास लावला. माफी मागितली. पुढे काय बदलणार ते अजून ठरलं नव्हतं, म्हणून "ठरलं की तुम्हाला कळवू" एवढंच म्हटलं. काही जणांना भीती होती की एवढं स्पष्ट बोललं तर प्रकरण वाढेल. वाढलं नाही, पण वाढलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं, कारण ती गोष्ट त्यांच्या आईच्या शरीरात घडली होती आणि ती जाणून घ्यायचा पहिला हक्क त्यांचाच.

काय काय पर्याय होते

सुधारणेच्या उपायांमध्ये काही जोरदार असतात, काही कमकुवत. माणसाच्या लक्षात राहण्यावर जे अवलंबून असतात ते कमकुवत, म्हणजे ट्रेनिंग, सर्क्युलर, पोस्टर, "काळजी घ्यावी" अशी सूचना. कामाची रचनाच अशी बदलली की चूक करणं अवघड होईल, ते जोरदार. आमच्यासमोर आलेले पर्याय या कसोटीवर घासून बघितले.

ट्रेनिंग सगळ्यात सोपं, एका आठवड्यात होऊन गेलं असतं, सह्यांचा कागद फाईलला लागला असता. पण उपाशी पेशंटला जेवणाआधीचं इन्सुलिन नेहमीसारखं देऊ नये हे त्या वॉर्डात कुणाला माहीत नव्हतं? मावशींना पण माहीत होतं. जे सगळ्यांना माहीत आहे ते परत शिकवून काय होणार.

दोन सिस्टरनी मिळून डोस तपासायचा, हा पर्याय ऐकायला छान. इन्सुलिन हे जास्त धोक्याच्या औषधांच्या यादीतलं, बऱ्याच ठिकाणी डबल चेक असतोच. पण रात्री दोघीच असताना नऊ इन्सुलिनसाठी दोघी एकत्र म्हणजे बाकीच्या वॉर्डाकडे कुणीच नाही. काय होतं ते मी स्वतः केलंय, दुसरी सिस्टर लांबूनच मान डोलावते आणि नंतर सही करते. आणि इथे दुसरीने डोस तपासला असता तरी तो बरोबरच निघाला असता!

बेडवर लाल एनबीएम कार्ड. स्वस्त, लगेच होण्यासारखं. हे आम्ही निवडलं, आणि फसलं, त्याबद्दल खाली.

चार्ट बदलणं, इन्सुलिनची वेळ बदलणं आणि ओटी लिस्टमध्ये इन्सुलिनचा कॉलम आणणं, हे तीन पर्याय अवघड होते कारण त्यात तीन वेगवेगळ्या खात्यांची माणसं लागणार होती, ओटी, किचन आणि डॉक्टर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांपासून होणारं नुकसान कमी करायची मोहीम सुरू केली तेव्हा तीन जागांवर भर दिला होता, धोक्याची परिस्थिती, एकाच वेळी अनेक औषधं आणि पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात जातानाचा टप्पा. आमच्या आजी एकाच सकाळी तिन्हीमध्ये बसत होत्या. बीटा ब्लॉकरमुळे थरथर आणि छातीतली धडधड दबली, फक्त घाम राहिला आणि घामाला आम्ही भीती समजलो. त्यामुळे एका जागेवर उपाय करून भागणार नाही हे तरी दिसत होतं.

प्रत्यक्षात काय केलं

आधी लाल कार्ड. पहिले दोन आठवडे सगळे खूष. मग एका संध्याकाळी मी वॉर्डात फिरले तर पाच बेडवर कार्ड, त्यातले तीन पेशंट जेवून झोपलेले. कार्ड लावायला सगळ्यांना आठवायचं, काढायला कुणालाच नाही, आणि एकदा कार्ड खोटं बोलायला लागलं की कुणी त्याच्याकडे बघत नाही. शिवाय कार्ड बेडवर आणि सुई भरली जाते ट्रॉलीवर. नाईटच्या त्या सिस्टरनी हे आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं पण मनावर घेतलं नाही. इशारा हात जिथे काम करतात तिथे लागतो. कार्ड बंद केली.

मग इन्सुलिन ड्रग चार्टवरून पूर्णपणे काढलं आणि वेगळा शुगर चार्ट केला, ट्रॉलीवरच राहणारा. एका ओळीत चार रकाने. वेळ, शुगर, "आत्ता खाणार का", आणि सगळ्यात शेवटी डोस. तिसरा रकाना भरल्याशिवाय चौथ्याकडे जायचं नाही. "एनबीएम आहे का" असं न विचारता "आत्ता खाणार का" असं विचारलं, कारण पेशंट एनबीएम नसला तरी उलट्या होत असतील, जेवण नको म्हणत असेल, तपासणीला खाली नेलेलं असेल, तेव्हाही धोका तोच. हा प्रश्न पेशंटला विचारल्याशिवाय भरता येत नाही, म्हणजे सुई भरायच्या आधी एकदा बेडजवळ जावंच लागतं. ही कल्पना पण त्याच सिस्टरची.

वेळ बदलणं सगळ्यात जड गेलं. सकाळचं इन्सुलिन नाईटकडून काढून सकाळच्या शिफ्टकडे, ताट समोर आल्यावर. पण मग सहाची शुगर सव्वाआठला शिळी झालेली असते, म्हणून शुगर पण जेवणाआधीच्या तासात घ्यायची, त्यासाठी एक मशीन पुरत नाही, दोन अजून मागवली. आणि नाश्ता कधी साडेआठ, कधी सव्वानऊ. किचनच्या सुपरवायझर मामांना मिटिंगला बोलावलं तेव्हा ते आधी बचावाच्या सुरात होते, त्यांना वाटलं तक्रार आहे. आजींची हकीकत सांगितली. ते गप्प ऐकत राहिले आणि म्हणाले, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही की ताट उशिरा गेलं तर असं होऊ शकतं." त्या दिवसापासून इन्सुलिनवाल्या पेशंटची ताटं ट्रॉलीत वरच्या कप्प्यात आणि सगळ्यात आधी निघतात. उशीर होणार असेल तर किचन वॉर्डाला फोन करतं. इतकी वर्षं पेशंट सेफ्टीच्या एकाही मिटिंगला आम्ही किचनला बोलावलं नव्हतं.

ओटीच्या बाजूला काम केलं ते ओटी इनचार्ज सिस्टरनी. लिस्टमध्ये एक कॉलम वाढवला, डायबेटिस आहे का आणि सकाळचं इन्सुलिन किती. तो रिकामा असेल तर लिस्ट परत. पहिल्या आठवड्यात रोज भांडणं झाली, रेसिडेंट वैतागले, पण त्या ठाम राहिल्या. भूलतज्ज्ञांनी ऑपरेशनच्या दिवशी कुठलं इन्सुलिन किती कमी करायचं किंवा बंद ठेवायचं याचा एक पानी तक्ता करून दिला आणि एनबीएम असेपर्यंत दर दोन तासांनी शुगर हे ठरवून दिलं. त्यांनीच अजून एक गोष्ट काढली. रात्री बारापासून सगळ्यांना सरसकट उपाशी कशाला? साधारण नियम हलक्या खाण्यासाठी सहा तास आणि पाण्यासारख्या पातळ पदार्थांसाठी दोन तास असा आहे. दुपारच्या केसला बारा-चौदा तास पाण्यावाचून ठेवायचं काहीच कारण नसतं. पोट नीट रिकामं होत नसेल अशा पेशंटचा विचार वेगळा, तो भूलतज्ज्ञ ठरवतील. आणि डायबेटिसवाले लिस्टवर पहिले. लिस्ट पुढे गेली तर ओटीने वॉर्डाला स्वतःहून कळवायचं, वॉर्डाने विचारायची वाट बघायची नाही.

शेवटचं, हायपोचा डबा. ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ग्लुकोज पावडर, डेक्स्ट्रोज, सिरिंज आणि एक शुगर मशीन जे तिथून हलवायचं नाही. डब्याच्या झाकणावर आतल्या बाजूला लिहिलंय, शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने, नाहीतर शिरेतून, १५ मिनिटांनी परत शुगर, आणि "कुठलं इन्सुलिन होतं ते विचारा". ती शेवटची ओळ फिजिशियनच्या त्या फोनमुळे आली.

काय फरक पडला

पहिल्या दोन महिन्यांत कागदावरचे हायपो वाढले. वरून विचारणा झाली की एवढं करून आकडा वाढला कसा. वाढलेलं होतं ते रिपोर्टिंग, आधी साखरपाणी देऊन विसरल्या जाणाऱ्या गोष्टी आता लिहिल्या जात होत्या. हे आधीच सांगून ठेवायला हवं होतं, ते न केल्याने एक चांगला बदल जवळजवळ बंद पडला होता. नंतर हळूहळू सकाळी नऊच्या सुमाराचे हायपो कमी होत गेले. ५४ च्या खालचे क्वचित. एका वॉर्डाचे आकडे लहान असतात, त्यातून मोठे दावे करता येत नाहीत आणि मी करत नाही.

चौथ्या महिन्यात परत तसंच घडता घडता राहिलं. दुसरे एक पेशंट, एनबीएम, ओटी लिस्टवर "इन्सुलिन नाही" लिहिलेलं पण शुगर चार्टवर जुना डोस. सिस्टर नवीन, जॉइन होऊन महिना पण झालेला नव्हता. तिने विचारलं, "काका, आता नाश्ता करणार ना?" ते म्हणाले, "नाही, मला आज काही द्यायचं नाही म्हणालेत." ती थांबली, डॉक्टरांना फोन केला, डोस रद्द झाला. तिने इन्सिडेंट फॉर्म पण भरला, काही झालेलं नसताना. तो फॉर्म मी दोनदा वाचला.

नाईटच्या त्या सिस्टर अजून त्याच वॉर्डात आहेत. नवीन मुलींना शुगर चार्ट त्याच समजावतात आणि समजावताना स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगतात. आम्ही त्यांना कधी तसं सांगितलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

घरच्यांना पहिल्याच दिवशी पूर्ण सांगायचं होतं, हे एक. लाल कार्डात जो महिना गेला तो वाचला असता जर मी त्या सिस्टरचं वाक्य नीट ऐकलं असतं, हे दुसरं. मुलीला कळवायचं म्हटलं होतं ते आम्ही कळवलं, पण चार महिन्यांनी आणि पत्राने. तिला मिटिंगमध्येच बोलवायला हवं होतं, साडेदहा ते अकरा पाच या वेळात बेडजवळ काय दिसत होतं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, तिला होतं. नातेवाईकाने "काहीतरी वेगळं वाटतंय" म्हटलं की लगेच शुगर, बीपी, नाडी बघायची, हा नियम आम्ही खूप उशिरा केला, आणि अजूनही तो शिफ्टमध्ये कोण आहे त्यावर अवलंबून राहतो.

ओव्हरचं पण अर्धवट राहिलंय. आता ओव्हर बेडजवळ उभं राहून, पेशंटसमोर द्यायचा असं ठरलं, सकाळी होतो, रात्री बऱ्याचदा टेबलाजवळच उरकतो कारण पेशंट झोपलेले असतात. यावर अजून नीट उत्तर सापडलेलं नाही.

आणि कॅज्युअल्टीत अजून जुनाच ड्रग चार्ट आहे. तिथून वॉर्डात आलेल्या पेशंटचं इन्सुलिन दोन कागदांवर असतं, इनचार्ज सिस्टर पेनने जुन्यावर काट मारतात आणि सही करतात, त्या सुट्टीवर असल्या की कोण मारतं हे नक्की नाही. कॅज्युअल्टीच्या इनचार्जबरोबर त्यासाठी मिटिंग लागलीय, किचनचे मामा पण येणार आहेत.